इंजिन धुतलं, पण पाणी कुठलं?

नौदलाच्या हवाई तळावर नवा पोरगा आला की पहिल्या आठवड्यात त्याला इंजिन धुवायला लावतात. ट्रॉलीची नळी जोडायची, कॉक उघडायचा, इंजिन स्टार्टरवर नुसतं फिरवायचं, पाणी मारायचं आणि रजिस्टरमध्ये सही करायची. काम हलकं, म्हणून ते धाकट्याच्या गळ्यात. धाकट्याच्या गळ्यात, म्हणून थोरांचं लक्ष नाही. माझी सगळी नोकरी इंजिनांत गेली. कोचीला शिकलो, मग दाबोळी, पोर्ट ब्लेअर आणि मध्ये काही काळ जहाजावर. कंप्रेसर खराब झाला म्हणून जी इंजिनं माझ्यासमोर उघडली गेली, त्यांतल्या बऱ्याचशांच्या बिघाडाचं मूळ या हलक्या कामात सापडलं. न धुतल्यामुळे खराब झालेली त्यांत होतीच. पण धुतल्यामुळे खराब झालेलीही होती, आणि मला मुख्यतः त्यांच्याविषयी सांगायचं आहे.

हे फक्त नौदलातल्या पोरांसाठी नाही. जुहूहून मुंबई हायवर ये-जा करणाऱ्या हेलिकॉप्टरांवर काम करणाऱ्यांना आणि विमान देखभालीचा अभ्यासक्रम करणाऱ्या मुलामुलींनाही हेच काम करावं लागतं. त्यांच्या हातात मॅन्युअल असतं आणि शेवटचा शब्द मॅन्युअलचाच. प्रत्येक इंजिनाचे आकडे वेगळे असतात, म्हणून तापमान, मिनिटं, दाब हे माझ्याकडून घेऊ नका. माझ्याकडून एवढंच घ्या, की मॅन्युअलमधली कुठली ओळ माणसं वगळतात आणि वगळली की काय होतं.

आधी मिठाविषयी. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. लाट फुटली की बुडबुडे फुटतात, तुषार उडतात, त्यातले बारीक थेंब हवेतच आटतात आणि वाऱ्यावर तरंगत राहतात. कोकणात घर असलेल्यांना हे सांगायला नको. खिडकीचे गज किती वेळा रंगवावे लागतात ते त्यांना ठाऊक आहे. जेट इंजिन हीच हवा ओढतं, फक्त अफाट ओढतं. सी हॅरियर या लढाऊ विमानाचं पेगासस इंजिन पूर्ण जोरावर सेकंदाला जवळजवळ 200 किलो हवा घ्यायचं. सी किंग हेलिकॉप्टरचं नोम त्यामानानं लहान, सेकंदाला सहाएक किलो.

मिठाची एक खोड मात्र बऱ्याच जुन्या माणसांनाही माहीत नसते. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी स्वतःच ओढून घेतं आणि विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असतं, ते तर 33 टक्क्यांच्या आसपासच ओलं व्हायला लागतं. याचा अर्थ गोव्यात, कोचीत किंवा अंदमानात ब्लेडवर बसलेलं मीठ वर्षातले बहुतेक दिवस पुरतं सुकतच नाही. धातूवर खारट पाण्याचा एक पातळ थर राहतो. उड्डाणात इंजिन गरम असतं, तोवर ठीक. खरी खोडी सुरू होते ती विमान हँगरमध्ये ढकलून माणसं जेवायला गेल्यावर. कंप्रेसरला गंज चढतो तो उडताना कमी, उभं असताना जास्त. म्हणून 'आज उशीर झाला, उद्या सकाळी उड्डाणाआधी धुऊ' हा हिशेब चुकीचा आहे. धुवायचं ते शेवटच्या उड्डाणानंतर, इंजिन निवलं की, त्याच दिवशी.

मीठ इंजिनात दोन ठिकाणी दोन प्रकारे वागतं आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पुढे कंप्रेसर. तिथं ते ब्लेडवर थर धरतं. ब्लेडचा आकार पंखासारखाच काटेकोर असतो. त्यावर खरबरीतपणा आला की हवा नीट दाबली जात नाही. मग तेवढीच ताकद काढायला इंधन जास्त लागतं आणि टर्बाइनचं तापमान चढतं. वैमानिकाला तापमानाच्या काट्यावर दिसतो तो हा चढ. थर आणखी वाढला तर कंप्रेसरमधली हवा उलटी धडकते, ठो असा आवाज होतो, त्याला सर्ज म्हणतात. शिवाय थराखाली धातूला बारीक खड्डे पडतात. खड्डा दिसायला टाचणीच्या टोकाएवढा, पण मिनिटाला हजारो फेरे मारणाऱ्या ब्लेडला तडा जायला तेवढी सुरुवात पुरते.

मागे टर्बाइन. तिथं मीठ मीठ राहत नाही. जेट इंधनात थोडं गंधक असतं. त्याच्याशी संयोग होऊन सोडियम सल्फेट तयार होतं. ते 884 अंश सेल्सियसला वितळतं आणि दुसऱ्या क्षारांबरोबर मिसळलं तर त्याहून बऱ्याच कमी तापमानाला. वितळलेला हा थर निकेलच्या ब्लेडवरचं संरक्षक ऑक्साइडचं आवरण खाऊन टाकतो. मग ब्लेड फुगतं, त्याचे पापुद्रे सुटतात. हे एकदा सुरू झालं की पाण्यानं बरं होत नाही. पाणी मारायचं ते पुढचं मीठ मागे पोचू नये म्हणून.

मीठ हा सावकाश मारणारा शत्रू आहे असं मानून चालणाऱ्यांसाठी एक नोंदलेली घटना सांगतो. अमेरिकेत हवामान आणि समुद्राचं संशोधन करणाऱ्या नोआ या सरकारी संस्थेचं चार इंजिनांचं पी-3 ओरायन विमान 9 फेब्रुवारी 2007 रोजी कॅनडातल्या सेंट जॉन्सहून उत्तर अटलांटिकवरच्या हिवाळी वादळात वाऱ्याचा अभ्यास करायला गेलं होतं. खवळलेल्या समुद्रावर खालून उडताना इंजिनांत मिठाचा थर चढत गेला आणि काही मिनिटांच्या अंतरानं चारपैकी तीन इंजिनं गेली. वैमानिकांनी ती पुन्हा सुरू करून विमान सुखरूप परत आणलं. एकाच उड्डाणात एवढं होऊ शकतं. आपल्याकडे असं वादळ विरळा, पण पाणबुडी शोधताना सोनार पाण्यात सोडून चाळीसएक फुटांवर अधांतरी थांबणारं हेलिकॉप्टर स्वतःच्या पंख्याच्या वाऱ्यानं स्वतःभोवती तसं वादळ उठवतं. अशा उड्डाणावरून परतलेल्या हेलिकॉप्टरच्या काचेवरून बोट फिरवलं तर रेघ उमटते.

तळ समुद्रापासून लांब आहे म्हणून सूट मिळते, असंही नाही. सागरी टेहळणी करणाऱ्या पी-8आय विमानांचा राजाली तळ तमिळनाडूत अरक्कोणमला आहे, किनाऱ्यापासून चांगला आत. पण विमान काम करतं ते समुद्रावर. किती वेळा धुवायचं हे विमान कुठं उभं राहतं यावर नाही, कुठं आणि किती खालून उडलं यावर ठरवायचं. पीटी-6 सारख्या इंजिनांच्या पुस्तकांत याची सरळ विभागणी दिलेली असते: सतत खाऱ्या हवेत उडत असेल तर रोज, अधूनमधून जात असेल तर आठवड्याला.

आता पाण्याकडे येतो.

किनाऱ्यावरचा एक तळ. नाव सांगत नाही. ज्यांच्या हातून झालं ती कामचुकार माणसं नव्हती. मे महिना. इंजिन धुवायचं पाणी क्षारमुक्त लागतं, ते करायला डीएम प्लांट असतो. त्यातलं रेझिन पाण्यातले क्षार धरून ठेवतं. ते भरलं की आम्ल आणि कॉस्टिक सोडा वापरून पुन्हा मोकळं करावं लागतं. ती रसायनं वेळेवर आली नाहीत. धुणं तर रोजचं. कुणीतरी तोडगा काढला की तोवर ट्रॉलीची टाकी टँकरनं भरू. टँकर भरायचा आवारातल्याच बोअरवेलवर. तेच पाणी अंघोळीला, तेच मेसमध्ये भात शिजवायला. कुणाला शंका यायचं कारण नव्हतं.

किनाऱ्यावरच्या बोअरवेलचं पाणी जानेवारीत एक असतं आणि मेमध्ये दुसरं. पावसाळ्यात मुरलेलं गोडं पाणी उपशानं खाली जातं, तसं समुद्राचं पाणी जमिनीखालून आत सरकतं. रोज पिणाऱ्याला ते कळत नाही, कारण चव हळूहळू बदलते.

सुरुवातीला काही दिसलं नाही. मग पॉवर चेकचे आकडे सरकायला लागले. ठरावीक ताकदीवर टर्बाइनचं तापमान किती येतं ते पाहून तक्त्याशी ताडायचं, त्याला पॉवर चेक म्हणतात. धुतल्यानंतर हा आकडा सुधारतो, निदान होता तिथं राहतो. इथं धुतल्यानंतर तो बिघडत होता. पण धुणं आणि बिघडणं यांचा संबंध जोडायला मन धजत नाही. सगळ्यांनी काढायचा तोच निष्कर्ष काढला: मीठ जास्त बसतंय, वॉश वाढवा. एकाच्या जागी दोन वॉश सुरू झाले. आकडे आणखी घसरले.

मला आणि कोट्टयमच्या एका चीफना तेव्हा दुसऱ्या ठिकाणाहून मदतीला पाठवलं होतं. मी लॉगबुक मागवून आकडे उतरवून घ्यायला बसलो. चीफसाहेब उठले, ट्रॉलीपाशी गेले, कॉक जरा उघडून नोझलखाली बोट धरलं आणि जिभेला लावलं. थुंकले. "ये पानी कौन पीता है इधर?" असं त्यांनी ट्रॉलीवरच्या पोराला विचारलं. पोरगा म्हणाला, "सब पीते हैं, चीफ." मीही चाखलं. मचूळ. बॅटरी रूममधून मीटर आणला. क्षारमुक्त पाण्यात तो एकेरी आकडा दाखवतो, तिथं त्यानं अठराशेच्या वर दाखवलं.

मीटर सगळे क्षार मिळून मोजतो. त्यात क्लोराईड आहे की नाही ते सांगत नाही. ते पाहायची युक्ती मी जहाजावर शिकलो होतो, आणि तीही इंजिनवाल्यांकडून नाही. ते जहाज म्हणजे विमानवाहू विराट. 1987 ते 2017 ते आपल्या नौदलात होतं, आणि ते वाफेवर चालायचं. बॉयलरच्या पाण्यात क्लोराईड शिरलं तर नळ्या जातात, म्हणून तिथली माणसं पाण्याची चाचणी देवपूजेच्या नेमानं करत. परीक्षानळीत थोडं पाणी, नायट्रिक आम्लाचा एक थेंब, वर सिल्व्हर नायट्रेटचे दोन-तीन थेंब. चांगलं पाणी नितळ राहतं. पुसटसा धूर दिसला तरी संशय घ्यायचा. त्या तळावरच्या पाण्यात थेंब पडायचा अवकाश, सगळी नळी दुधाळ झाली आणि बघता बघता पांढरा साका तळाशी बसला. आजूबाजूला उभं राहून बघणाऱ्यांना मग वेगळं काही समजवावं लागलं नाही.

बोरोस्कोप घालून आत पाहिलं. पुढच्या ब्लेडवर पुसट पांढरट थर, तो कुठल्याही समुद्री इंजिनात असतो. मागच्या टप्प्यांवर थर जाड आणि कडक होता. धुतल्यावर इंजिन सुकवायला चालवतात, तेव्हा मागचे टप्पे तापतात आणि उरलेलं पाणी तिथं उडून जातं. चुना आणि क्षार मागे राहतात. हा चुन्याचा थर पुन्हा पाणी मारून जात नाही. स्टेटर व्हेनच्या मुळाशी, जिथं पाणी अडकून राहतं, काळे ठिपके दिसत होते. ते खड्डे. एक इंजिन वेळेआधी ओव्हरहॉलला काढावं लागलं. बाकीची वाचली.

चौकशीत वॉशचं रजिस्टर मागवलं. ते निर्दोष होतं. तारीख, वेळ, किती लिटर, करणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही. एकही दिवस चुकलेला नव्हता. फक्त पाणी कुठलं, हे विचारणारा रकाना त्यात नव्हता.

हवेतलं मीठ आणि पाण्यातलं मीठ यांचं गणित कागदावर मांडलं तर अंगावर येतं. सी किंगच्या इंजिनाची सहा किलो हवा म्हणजे सेकंदाला पाचेक घनमीटर, तासाला 18,000 घनमीटर. साध्या समुद्री वाऱ्यात घनमीटरला 10 मायक्रोग्रॅम मीठ धरा, वारा जोराचा असेल तर 50. म्हणजे तासाभराच्या उड्डाणात इंजिनात जाणारं मीठ एक ग्रॅमच्या आत. आता पाणी घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, क्लोराईडची स्वीकार्य मर्यादा लिटरला 250 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 1000 पर्यंत चालतं. अशा 20 लिटर पाण्यानं इंजिन धुतलं तर आपण त्यात 5 ते 20 ग्रॅम क्लोराईड ओतलं. बहुतेक पाणी ड्रेनमधून वाहून जातं हे खरं, पण जे उरतं ते खाचाखोचांतच उरतं, आणि रोज थोडं थोडं. समुद्रानं तासाभरात दिलं त्यापेक्षा जास्त मीठ आपण पाच मिनिटांत आपल्या हातानं देऊ शकतो. माणसानं निर्धास्त प्यावं असं पाणी इंजिनाला चालेलच असं नाही.

सी हॅरियरच्या माणसांना पाण्याचं महत्त्व पटवावं लागत नसे, आणि त्याला कारण होतं. उष्ण हवेत उभं उतरताना पेगाससला जास्तीचा जोर मिळावा म्हणून इंजिनात पाणी फवारायची सोय होती. पाव टनाच्या आत-बाहेर पाणी विमानातच भरलेलं असे आणि ते दीडेक मिनिटात संपे. हे पाणी क्षारमुक्तच लागे. वैमानिकाचा जीव ज्या पाण्यावर, त्याची चाचणी कोण टाळेल? याच विमानासाठी पेगासस 104 बनवताना फॅनचं मॅग्नेशियमचं केसिंग काढून ॲल्युमिनियमचं बसवलं होतं, कारण खाऱ्या हवेत मॅग्नेशियम टिकत नाही. बनवणाऱ्यांनी एवढा विचार केलेला असतो. तो वाया जातो टँकरच्या नळाशी.

पाण्याइतकाच दुर्लक्षित भाग म्हणजे सुकवणं. धुतल्यावर इंजिन सुरू करून काही मिनिटं चालवायचं, म्हणजे आतलं पाणी उडतं. याला वेळ लागतो, इंधन लागतं, आवाज होतो, सुरू करायला अधिकृत माणूस लागतो. त्यामुळे सगळ्यात आधी गळतं ते हेच. मी एका ठिकाणी पाहिलं ते असं: शुक्रवारी संध्याकाळी इंजिन धुतलं, चांगल्या पाण्यानं, अगदी पुस्तकाप्रमाणे. सुकवायला इंजिन चालवणारा माणूस सुट्टीवर निघून गेला होता. इंटेकवर कव्हरं चढवली आणि सोमवारवर ढकललं. सोमवारी इंजिन पेटलं, पण फेरे अर्ध्यात अडकले आणि तापमान चढत राहिलं. वेळीच बंद केलं म्हणून निभावलं. कंप्रेसरच्या शेवटच्या टप्प्यावरचा दाब इंधन नियंत्रकाला कळवणारी एक बारीक नळी असते. तिच्यात पाणी साचलं होतं, त्यामुळे नियंत्रकाला दाब चुकीचा कळत होता. शिवाय ब्लेडवर गंजाची तांबूस झाक आली होती. तीन रात्री ओलं इंजिन कव्हरखाली कोंडून ठेवलं तर दुसरं काय होणार? सुकवायला माणूस नसेल तर धुवायला घेऊ नका. आधी माणूस ठरवा, मग नळी जोडा.

ती बारीक नळी धुण्याआधी सोडवून तिचं तोंड बंद करायचं असतं, हे मॅन्युअलमध्ये असतंच. केबिनला जाणारी हवा आणि बर्फरोधक हवा बंद करायची, ड्रेन उघडे ठेवायचे, इग्निशनचा ब्रेकर ओढून त्याला पाटी लावायची, हेही असतं. माझी भर एवढीच: जेवढी झाकणं लावलीत तेवढी लाल फडक्यावर मोजून मांडा आणि काम झाल्यावर फडक्यावर परत आली का ते दुसऱ्या माणसाकडून मोजून घ्या. लावणाऱ्यानं स्वतः मोजली की सगळी बरोबरच भरतात. फवारणीच्या नळीच्या टोकाची नोझलही त्याच मोजणीत घ्या. आटे झिजलेली नोझल दाबानं सुटून थेट इंटेकमध्ये जाते, आणि मग मिठाची चिंता करायला इंजिन उरत नाही.

इंजिन निवल्याशिवाय पाणी मारू नये, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं आणि रात्री नऊ वाजता कुणालाच आठवत नाही. गरम केसिंगवर गार पाणी पडलं की केसिंग आधी आकसतं, आतली ब्लेडं मागून, टोकं घासतात. शिवाय पाणी मीठ विरघळवायच्या आत वाफ होऊन जातं आणि मीठ जागच्या जागी. घाईतल्या धुण्याचा हा दुहेरी तोटा. स्टार्टरलाही दम खायला वेळ द्या. तो सेकंदांच्या हिशेबानं चालवायचा असतो, मध्ये थांबवायचा असतो. 'एकदाच मोठा फेरा मारू' म्हणणाऱ्यानं जाळलेले स्टार्टर मी स्वतः बदलले आहेत.

साबणाविषयी थोडं. मीठ नुसत्या पाण्यात विरघळतं, त्याला साबण लागत नाही. साबणाचा वॉश असतो तो तेलकट काजळी काढून इंजिनाची गेलेली ताकद परत मिळवायला, आणि तो ठरावीक काळानं, ठरावीक द्रावणानंच करायचा. दोन्ही कामं वेगळी आहेत. पण काजळीच्या थराखाली मीठ दडून बसतं, त्यामुळे साबणाचा वॉश महिनोन् महिने टाळला तर रोजचं पाणी वरवरच वाहतं. साबणाचा वॉश केला की ड्रेनमधून फेस यायचा थांबेपर्यंत साधं पाणी मारा. राहिलेला साबण पुढे मीठ धरून ठेवतो. बाजारातली धुण्याची पावडर कुणी वापरत नसेल असं मला वाटत होतं. वापरतात.

विमान बरेच दिवस उभं राहणार असेल, सुटे भाग नसतील किंवा पावसाळ्यात उड्डाणं बंद असतील, तर शेवटचा वॉश आणि सुकवणं झाल्यावर संरक्षक तेल फवारून ठेवा. आणि कव्हर गरम इंजिनावर चढवू नका. आतली दमट हवा थंड होऊन पुन्हा ब्लेडवरच पाणी धरते. हे कव्हरचं मला पाळीवरच्या प्रत्येक नव्या मुलाला सांगावं लागलं, आणि प्रत्येकानं विचारलं, की मग पाऊस आला तर? पाऊस आला तर कव्हर धरून उभं राहा, नाहीतर विमान शेडमध्ये ओढा.

वरिष्ठांनाही एक सांगणं आहे. धुण्याच्या कामावर सगळ्यात अनुभवी माणूस बसवा असं म्हणत नाही, ते होणार नाही. पण संध्याकाळच्या पाळीला, शेवटचं विमान उतरल्यानंतर, एक जाणता माणूस आणि इंजिन चालवायला अधिकृत माणूस हजर राहील अशी पाळी लावा. सगळी चांगली माणसं सकाळच्या उड्डाणांना आणि संध्याकाळी दोन पोरं, अशी मांडणी मी जिथं जिथं पाहिली, तिथं पॉवर चेकचा आलेख बघूनच ती ओळखता यायची.

पाण्यातले क्षार मोजायचा खिशातला टीडीएस मीटर आता काही शे रुपयांत मिळतो. एक ट्रॉलीला दोरीनं बांधून ठेवा आणि दुसरा आणून महिन्याला पहिल्याशी ताडून पाहा. टाकी भरताना नाही, फवारायच्या आधी नोझलमधलं पाणी मोजा, कारण टाकी आणि नळीही घाण असू शकते. आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेबाहेर आला तर त्या दिवशी धुऊ नका. 'पाणी नापास' असं लिहा, अधिकाऱ्याची सही घ्या आणि पाणी मिळवून दुसऱ्या दिवशी धुवा. आठवड्यातून एकदा सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाका. तुमच्या रजिस्टरमध्ये पाण्याच्या आकड्याचा रकाना आहे का, ते उद्या सकाळी बघा. नसेल तर नवे फॉर्म छापून यायची वाट पाहू नका. शेऱ्याच्या जागेत उद्यापासूनच आकडा लिहायला लागा.